सरांनी लिहायचं राहिलेलं पत्र

१६ जानेवारी १९८२, शनिवार

सायकलने बोळिंजला. निर्मळच्या पुढे चेन उतरली. काळे हात घेऊनच राऊत सरांच्या घरी पोचले. काकूंनी आधी रॉकेल दिलं, मग साबण, मग चहा.

सरांना एच.चं पत्र दाखवलं. एच. म्हणजे कॅनडातला तो प्राध्यापक, सरांचा जुना निबंध वाचलेला. रेणूंच्या क्वांटम गणितात पीएच.डी. करायला त्याच्याकडे यंदा एक जागा आहे. फी माफ आणि राहण्याखाण्यापुरते पैसे दरमहा विद्यापीठच देणार, म्हणजे घरून काही लागायचं नाही. माझे मार्क पसंत पडलेत. दोन शिफारसपत्रं हवीत, एक मुंबईच्या विभागप्रमुखांचं, दुसरं सरांचं. सरांबद्दल मुद्दाम लिहिलंय की निर्णय मुख्यतः त्यांच्या मतावर होईल. फेब्रुवारीअखेरपर्यंत पोचायला हवं.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"लिहितो. पण आधी आपली खड्ड्याची भानगड मिटू दे."

खड्डा आमच्या आलेखातला. एम.एस्सी. झाल्यापासून दर शनिवारी आम्ही दोघं एकच रेणू धरून बसलोय. दोन अणू लांबून जवळ आले की ऊर्जा उतरत जाते, एका अंतरावर तळ गाठते, मग भिंतीसारखी वर चढते. प्रयोगात तो तळ जितका खोल सापडतो तितका आमच्या गणितात येत नाही. उथळ येतो. पद्धत सरांची, आकडेमोड माझी. चूक कोणाची, माहीत नाही.

"मला कौतुकाचं पत्र नाही लिहायचं, सिसिलिया. खरं लिहायचंय. तू अडलीस की काय करतेस, ते मला अजून नीट बघायचंय. बरोबर?"

प्रत्येक पायरीनंतर 'बरोबर?' विचारायची त्यांची सवय. वर्गात मुलं ते 'बरोबर' मोजायची. मी मान हलवली.

परत येताना उमराळ्यापर्यंत तेच डोक्यात. म्हणजे त्यांची अजून खात्री नाही?

१९ जाने., मंगळवार

बाबांनी रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगून टाकलंय. आज कॉलेजला जाताना एसटीत जो तो विचारतो, कधी निघतेस? अजून काहीच ठरलं नाही म्हटलं तर हसतात. लपवते असं वाटतं त्यांना.

दुपारी प्रॅक्टिकल. लोलकाची दोरी पोरांनी परत तोडली. डेमॉन्स्ट्रेटरची नोकरीसुद्धा मार्चपर्यंतच आहे.

जेवताना बाबा, "हे रेणू काय तिकडेच मिळतात?"

"इथंही असतात. सगळीकडे असतात."

"मग?"

"इथं मोजायला यंत्रं नाहीत, बाबा. आणि शिकवणारं कोणी नाही. सर सोडून."

बाबांनी ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "जा तू. वाडीचं मी बघतो." जशी काही वाडी मीच शिंपत होते.

आई एवढंच, "थंडीत तिकडं घालशील काय गो?"

२३ जाने., शनिवार

सरांच्या दाराला कुलूप. शेजारच्या वाडीतल्या बाईने सांगितलं, काल सकाळी केळींना पाणी सोडताना पडले. काकूंना वाटलं, पाटातला कचरा काढायला वाकलेत.

तशीच सायकल फिरवून विरारला, हॉस्पिटलात. काकू बाकावर बसलेल्या. पिशवीत सरांच्या चपला, चिखलाच्या. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "आज तुझा वार ना. मला सांगायला हवं होतं कुणाकरवी."

उजवी बाजू गेली. वाचा गेली. आत सोडलं नाही मला.

काल रात्रभर बसून केलेली आकडेमोड पिशवीत तशीच. तळ अजून उथळच.

२६ जाने., मंगळवार

सुट्टी म्हणून सकाळीच गेले. सरांना उशा लावून बसवलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी वाढलेली. मला पाहिलं आणि डोळे मोठे केले. ओळखलं, नक्की ओळखलं. ओठ जुळवायला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "बरोबर."

मी खुळ्यासारखी हसले. म्हटलं, सर बोलले!

काकू म्हणाल्या, "कालपासून तेवढंच बोलतात."

पाणी हवं का? बरोबर. नको का? बरोबर. दुखतं का? बरोबर. कधी जोरात, कधी रडवेलं, एकदा तर चिडून, उशीवर डावा हात आपटून. आम्हाला समजत नाही म्हणून चिडले होते. शब्द मात्र तोच.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. म्हणाले, मेंदूतला शब्दांचा भाग गेलाय. ऐकलेलं किती समजतं ते सांगता येत नाही. काहींचं थोडं परत येतं.

"किती दिवसांत?"

"ते नाही सांगता येत."

३० जाने., शनिवार

आज सरांजवळ बसले होते आणि डोक्यात पत्र. त्यांना पेज भरवत होते तरी पत्र. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, हे चमचा तोंडाशी नेताना आठवलं. स्वतःची लाज वाटली. पण विचार गेला नाही.

काकूंनी विचारलं, "ते कॅनडाचं काय झालं?"

म्हटलं, "बघू."

३ फेब्रु., बुधवार

मुंबईला. विभागप्रमुखांनी त्यांचं पत्र लगेच टाईप करवून दिलं, वाचूनही दाखवलं. चांगलं आहे. तसंच ते सगळ्यांना देतात.

सरांचं कळल्यावर हळहळले. मग म्हणाले, "माझ्या पत्राने काम होणार नाही. त्याला राऊत हवाय. या विषयात मला तो ओळखत नाही."

"सर तर लिहू शकत नाहीत."

"तू लिही ना. टाईप कर आणि त्यांची सही घे. डाव्या हाताने का होईना. आजारी माणसाची सही वाकडी येणारच, कोण बोलणार?"

अगदी सहज बोलले. पुढच्या तासाला जायचं होतं त्यांना.

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. त्यांचं काही चुकलं असं वाटेना. बरोबर आहे असंही वाटेना.

६ फेब्रु., शनिवार

सर घरी आले. पुढच्या खोलीत खाट टाकलीय, तिथून वाडी दिसते. मुलगी नाशिकहून आली होती, ती उद्या परत जाणार, तिच्या मुलांची शाळा आहे.

काकू म्हणाल्या, "तुमची ती गणितं दाखव त्यांना. बरं वाटेल." म्हणून आलेख पांघरुणावर पसरला.

सर बदललेच एकदम. मान पुढे काढली. डावं बोट वळणावरून उतरवत नेलं, तळापर्यंत. मग कागद चाचपू लागले. मी आकडेमोडीची पानं एकेक समोर धरली. सातव्या पानावर बोट थांबलं. मधल्या एका इंटिग्रलवर. दाबून धरलं. "बरोबर," म्हणाले. मी पान उलटलं तर हात धरून परत तिथंच आणलं. "बरोबर. बरोबर." घाम आला त्यांना.

चूक सापडली! त्यांना सगळं समजतंय, चूक सापडलीय, फक्त सांगता येत नाही. काकूंना ओरडूनच सांगितलं. त्या पदराने डोळे पुसायला आत गेल्या.

येताना सायकल कशी चालवली कोण जाणे.

९ फेब्रु.

सातवं पान. ते इंटिग्रल तीन वेगळ्या रीतींनी केलं. उत्तर तेच.

१० फेब्रु.

परत केलं. आधीच्या पानापासून. चिन्हं तपासली. तेच.

१२ फेब्रु., शुक्रवार

काही नाही. सातव्या पानात काहीही चूक नाही. वरच्या ओळीत नाही, खालच्या ओळीत नाही. कॉलेजातल्या गणिताच्या सरांकडूनही तपासून घेतलं.

मग ते बोट कशावर होतं? माझ्या नाही, त्यांच्याच पद्धतीतलं काही? की नुसतंच बोट. बाळ जसं काहीतरी धरून बसतं तसं.

कोणाला विचारू? ज्यांना विचारायचं तेच

१३ फेब्रु., शनिवार

सातवं पान परत सरांसमोर ठेवलं. त्यांनी पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघू लागले. पाटाला पाणी सोडलं होतं. ते वाजत होतं तिकडे त्यांचे कान. मी दुसरी पानं ठेवली. त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

काकूंनी विचारलं, "सापडली का गं चूक?"

"शोधते आहे."

१४ फेब्रु., रविवार

मिस्सानंतर फादरांनी बोलावून विचारलं. बाबांनी त्यांनाही सांगितलंय. सगळं सांगितलं, टाईप करून सही घ्यायचंही. फादर म्हणाले, "तुझ्या सरांनी काय लिहिलं असतं, ते तुला ठाऊक आहे का?"

तेच तर ठाऊक नाही.

फादर म्हणाले प्रार्थना करतो. ते करतीलही. मला राग आला, आणि कोणावर ते कळेना.

२० फेब्रु., शनिवार

आज काकूंनीच विषय काढला. नाशिकला जाण्यापूर्वी मुलीने त्यांना सांगितलं होतं म्हणे, त्या पोरीचं वर्ष जाईल, बाबांकडून काहीतरी करून दे.

मी पत्र टाईप करून पिशवीत नेलं होतं, हेही खरं. काढणार नव्हते. पण नेलं होतं. त्यात कौतुक एकही नाही. एवढंच की ही मुलगी दीड वर्षं माझ्याबरोबर या प्रश्नावर काम करते, अमुक पद्धत तिला येते, तळाचा फरक अजून सुटलेला नाही. सगळं खरं. खाली सरांचं नाव.

काकूंनी वाचायला सांगितलं. सरांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "सर, हे पाठवू का?"

"बरोबर."

"नको का पाठवू?"

"बरोबर."

काकू म्हणाल्या, "असं उलटसुलट नको विचारूस त्यांना." त्यांनी सरांच्या डाव्या हातात पेन दिलं, वरून आपल्या हाताची मूठ धरली. पहिलं अक्षर अर्धं झालं. सरांनी हात खेचला. पेन खाटेखाली गेलं.

"दमले," काकू म्हणाल्या.

दमले की नको म्हणाले? मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते माझ्याकडे पाहत होते. इतकं स्पष्ट पाहत होते. त्या डोळ्यांत काय आहे ते वाचता यावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

काकूंनी पेन उचललं. "आण इकडे. इतकी वर्षं त्यांची सही बघतेय, अगदी हुबेहूब येते मला. पोस्टाच्या पुस्तकावर कितीदा केलीय."

म्हटलं, "नको काकू."

"अगं, ते तुझं चांगलंच बोलायचे."

"काय बोलायचे?"

काकू आठवू लागल्या. "हुशार आहे म्हणायचे. आणि... घाई करते म्हणायचे."

कागद घडी करून पिशवीत ठेवला.

२१ फेब्रु., रविवार

बाबांशी भांडण. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठ्याने.

"त्या बाई स्वतः सही करतो म्हणतात, आणि तू नको म्हणतेस?"

"ते पत्र सरांचं नाही, बाबा. माझं आहे."

"त्यात खोटं काही आहे?"

"नाही."

"मग?"

सर शुद्धीवर आहेत, जिवंत आहेत, समोर बसलेत, आणि आम्ही त्यांच्या वतीने बोलतोय. ते मला जमत नाही. बाबांना हे सांगता आलं नाही. 'जमत नाही' एवढंच म्हटलं. बाबा वाडीत निघून गेले. आई भांडी घासत राहिली, नेहमीपेक्षा हळू, आवाज न करता.

२४ फेब्रु., राखेचा बुधवार

सकाळी मिस्सा. कपाळाला फादरांनी लावलेली राख, उपवासकाळ सुरू झाल्याची. तशीच पोस्टात जाऊन एच.ला पत्र टाकलं. विभागप्रमुखांचं जोडलं. सरांचं नाही. लिहिलं की सरांना अर्धांगवायू झालाय, वाचा नाही, लिहिता येत नाही. माझ्याबद्दल त्यांचं मत काय होतं ते मलाही माहीत नाही. तळ उथळ येतो तेही लिहिलं, कारण सापडलं नाही तेही. आता महिनाअखेर कुठलं पोचतंय.

टाकून झाल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. येडपटासारखी.

संध्याकाळी बोळिंज. सर खुर्चीत होते. माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मग डावा हात उचलला. हळूहळू, कष्टाने. मला वाटलं काही दाखवतायत. मी वाकले. त्यांनी अंगठ्याने माझ्या कपाळावरची राख पुसली. मळ लागलाय असं वाटलं असणार. नीट पुसली, दोनदा, मग अंगठा धोतराला पुसला. समाधानाने म्हणाले, "बरोबर."

काकू दारात होत्या. हसावं का तेही त्यांना कळेना. मी म्हटलं, राहू द्या काकू. मग आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही रडू आलं. सर आळीपाळीने आमच्याकडे पाहत होते.

१३ मार्च, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. पोस्टमन आमच्या आळीत वळला की आई ओसरीवर जाऊन उभी राहते. नाही म्हणून मान हलवायची त्याला आता सवय झालीय.

३१ मार्च

नोकरी संपली. पुढच्या वर्षी जागा निघाली तर बोलावू म्हणाले.

१४ एप्रिल, बुधवार

ईस्टर झाल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाबांनी वाडीतूनच हाक मारली. पाकीट ओसरीवरच फोडलं.

नकार नाही. होकारही नाही. एच. लिहितो, डॉ. राऊतांचं वाचून फार वाईट वाटलं, त्यांच्या निबंधावर मी माझं पहिलं काम उभं केलं. समितीला त्यांचं मत हवंच आहे, नियम माझ्या हातात नाही. जागा १५ मेपर्यंत धरून ठेवतो. तोवर ते बरे झाले आणि त्यांनी कोणत्याही हाताने, कोणत्याही भाषेत दोन ओळी लिहिल्या तर तार करा, कागद मागून पाठवा. नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

चांगला माणूस आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आईने विचारलं, "काय म्हणतो?"

"थांबा म्हणतो."

"आणखी?"

१७ एप्रिल, शनिवार

पाटी आणि खडू घेऊन गेले. डॉक्टरांना विचारलं होतं, म्हणाले अवश्य करा, डाव्या हाताला वळण लागेल, त्यातून शब्दही येतील कदाचित. आता रोज जाणार. नोकरी नाहीच.

सरांनी खडू धरला. आडवी रेघ. वाकडी. दुसरी रेघ.

२२ एप्रिल

गोल जमला. माझ्या हाताखाली त्यांचा हात धरला तर चिडतात. पाहून काढू दे म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीत, पाटी ओढून घेतात.

२६ एप्रिल, सोमवार

'अ' काढून दिला की खाली तसाच काढतात. पाटी पुसली आणि आपला आपण काढा म्हटलं की खडू टेकवून बसून राहतात. जमिनीत कुठे विहीर होती ते आठवत असल्यासारखे. मग माझ्याकडे पाहतात.

निघताना काकूंनी सायकलजवळ गाठलं.

"तू रोज कशासाठी येतेस ते कळतं मला, पोरी."

माझं तोंड उतरलं असणार.

"अगं, ये. कशासाठी का होईना, येतेस ना. बाकी लोक येतात, माझ्याशी बोलतात आणि जातात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही."

२ मे, रविवार

बाबा आज माझ्याबरोबर सरांकडे आले. फेब्रुवारीपासून आमचं बोलणं कामापुरतंच. आज अचानक म्हणाले, मी पण येतो. बरोबर मोगऱ्याची फुलं आणि वेलची केळ्यांचा फणा. केळीच्या वाडीत केळी कशाला, म्हटलं तर म्हणे, आपली वेगळी.

सरांच्या खुर्चीशेजारी बसले आणि सुरू झाले. यंदा विहिरीचं पाणी मचूळ लागतंय.

"बरोबर," सर म्हणाले.

खाली खाली जातंय ते पाणी, पंप लावणाऱ्यांनी वाट लावली.

"बरोबर!"

पानवेलीत आता राम नाही. माणसं मिळत नाहीत कामाला.

"बरोबर..."

अर्धा तास असं चाललं. सर इतके खुलले होते की काकू चहा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "कोण म्हणतं त्यांना बोलता येत नाही?"

मग सायकल ढकलत बराच रस्ता माझ्याबरोबर चालले. निर्मळच्या तलावापाशी म्हणाले, "मी त्यांना तुझ्या पत्राबद्दल विचारणार होतो. त्यासाठीच आलो होतो. पण विचारवेना गो."

८ मे, शनिवार

आठवडा उरला. सरांना ताप. पाटी नाही.

१० मे

ताप उतरला. थकलेत. खडू हातात दिला तर ठेवून दिला. मी परत दिला. परत ठेवला. तिसऱ्यांदा देत होते, काकू म्हणाल्या, "आज राहू दे." हळू म्हणाल्या. मी किती जोराने त्यांची बोटं धरली होती ते तेव्हा दिसलं मला.

१२ मे, बुधवार

गेले नाही. दिवसभर वाडीत. आईबरोबर मोगरा खुडला. आईने मध्येच एकदा माझ्या केसांतलं पान काढलं.

तळाचा विचार केला खुडताना. कदाचित पद्धतच तेवढ्यापुरती असेल. कदाचित तो तळ या रीतीने सापडणारच नाही, आणि सरांना हे आधीपासून माहीत असेल. विचारता आलं असतं तर

१४ मे, शुक्रवार

आज जावं की नाही करत दुपारी निघाले.

सर खुर्चीत, पाटी मांडीवर. मी दिलेली नव्हती, त्यांनीच मागितली म्हणे, बोटाने दाखवून. काकू खाली बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मी पायरीवर बसले.

सरांनी खडू टेकवला. बराच वेळ तसाच. मग काढू लागले. पाहून नव्हे, पुढ्यात काढून दिलेलं काही नव्हतं. पहिलं अक्षर पडायला आलेलं, मोठं. दुसरं त्याला चिकटलेलं. डोक्यात तार, पोस्ट, उद्याची तारीख, सगळं एकदम. कुठलंही अक्षर चालणार होतं मला.

लिहून झाल्यावर त्यांनी पाटी उचलली, पण माझ्याकडे नाही वळवली. खाली, काकूंकडे.

'शालू.'

मला कळायला वेळ लागला. काकूंचं नाव मला माहीतच नव्हतं. सर त्यांना 'अगं' म्हणायचे, 'ऐकलंस का' म्हणायचे. नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नाही.

काकूंच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ जमिनीवर. त्या पाटीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघून एकदम लाजल्या, नव्या नवरीसारख्या. उठल्या आणि आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

मी तांदूळ गोळा केले. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. आणि त्याच्याच पोटात, पुढे लिहा सर, पुढे लिहा, हेही चाललं होतं. दोन्ही एकदम. काय करू.

वर पाहिलं तर सरांनी नावाखाली परत खडू टेकवला होता. एक उभी रेघ ओढली. सावकाश, सरळ. आजवरची सगळ्यांत सरळ. आणि थांबले. उभी रेघ तर निम्म्या अक्षरांना असते. माझ्या नावालाही आहे. केळीलाही.

विचारलं नाही. त्यांना सुचवलंही नाही. पायरीवर बसून राहिले. पाटाला पाणी सोडलेलं, ते केळीच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

निघाले तेव्हा खडू अजून रेघेवरच होता. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "उद्या ये हं. तुझा वार आहे."

तारघर सकाळी उघडतं. आधी बोळिंजला थांबून पुढे विरारला जाता येईल.